आडनावातला धंदा, कॉलेजचा वर्ग आणि परदेशी भागीदारी

बागवान, तांबोळी, अत्तार, मणेर, शिकलगार, पिंजारी, मुलाणी. मलकापूर-कराडपासून मिरज-सांगलीपर्यंत आपल्या समाजातली ही आडनावं घ्या. ही नुसती नावं नाहीत, ही धंद्यांची यादी आहे. फळं, पानं, अत्तर, बांगड्या, धार लावणं, कापूस पिंजणं. म्हणजे उद्योजकता आपल्याला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही, असं वाटू शकतं. पण यातले किती धंदे आज उभे आहेत? यंत्रावरच्या गाद्या आल्या आणि पिंजाऱ्याची धनुकली गल्लीतून दिसेनाशी झाली. बागवानाचा धंदा मात्र अजून चालतो. एक टिकतो आणि दुसरा का संपतो, हा प्रश्न आता कॉलेजात शिकवला जातो. त्या विषयाला ‘शाश्वत उद्योजकता’ म्हणतात.

सध्या या अभ्यासक्रमांच्या जाहिरातीत ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हा शब्द हमखास असतो. तो वाचून आई-वडील भारावतात आणि फीचा आकडा पाहून घाबरतात. म्हणून हा मामला नेमका काय आहे, ते आम्ही इथे सोप्या भाषेत सांगत आहोत.

शाश्वत म्हणजे काय?

ज्या धंद्यात नफा होतो, पण तो धंदा ज्याच्यावर उभा आहे ते पाणी, जमीन आणि माणसं संपत नाहीत, तो शाश्वत धंदा. याचा धडा मलकापूरकरांना घरच्या नळावरच मिळाला आहे. गाव नगरपंचायत असताना, 2009 च्या सुमारास, इथे चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला. प्रत्येक नळाला मीटर बसलं आणि जास्त वापरणाऱ्याला चढा दर लागू झाला. देशभरात या योजनेचं नाव झालं. चोवीस तास पाणी दिलं तर लोक उधळतील, असं सहज वाटतं. पण नळ कायम चालू आणि वापराचा हिशोब समोर असेल, तर साठवायची आणि शिळं म्हणून ओतून द्यायची गरज उरत नाही. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शिकवणीला हिशोबाची जोड मिळाली की व्यवस्था टिकते, एवढंच.

फलटणची मेंढी, ऑस्ट्रेलियाचं विद्यापीठ

आता परदेशी सहकार्य. याचं उत्तम उदाहरण आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. फलटणला 1968 साली स्थापन झालेली निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिच्यासमोरचा प्रश्न अगदी इथलाच होता. चराऊ रानं कमी होत चालली, मग मेंढपाळाने कळप वाढवायचा कसा? दख्खनी मेंढी साधारण एका वेळी एकच कोकरू देते. मेंढ्यांची संख्या न वाढवता कोकरं वाढवता येतील का?

बंगालच्या सुंदरबन भागातली गरोळ ही लहानखुरी मेंढी जुळी-तिळी देते. तिच्यातल्या एका जनुकामुळे हे घडतं. गंमत अशी, की हे जनुक आधी ऑस्ट्रेलियातल्या ‘बुरूला’ मेंढ्यांत नजरेस आलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजाने तिकडे गेलेल्या मेंढ्यांतून ते पोहोचलं असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे माल इथला होता आणि अभ्यास तिकडे झाला. फलटणच्या संस्थेने ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला सोबत घेतलं. डॉ. चंदा निंबकर यांनी डॉक्टरेटचा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठात केला. गरोळचं ते जनुक दख्खनी मेंढीत आणलं गेलं आणि ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. ती मेंढपाळांच्या कळपांतही वापरून पाहिली गेली.

बकरी ईदच्या आधी जनावरांच्या बाजारात उभं राहिलेल्या माणसाला यातला हिशोब लगेच कळेल. जुळी झाली म्हणजे दुप्पट नफा, असं नसतं. कोकरांना दूध पुरलं पाहिजे, आईला खुराक लागतो, औषधपाणी लागतं. नवी जात किती फायद्याची, हे शेवटी कळपात ठरतं.

आमच्या मते खऱ्या सहकार्याची खूण हीच. प्रश्न आपला असतो, ज्ञान दोन्ही बाजूंनी येतं आणि ज्याच्या खिशाला झळ बसणार आहे, त्याच्या दारात ते तपासलं जातं.

प्राध्यापक गावात उतरले तेव्हा

बांगलादेशचे मुहम्मद युनूस फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले, व्हँडरबिल्ट विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवू लागले. 1976 मध्ये विद्यापीठाशेजारच्या जोब्रा गावात त्यांना दिसलं, की बांबूची स्टुलं विणणाऱ्या बाया सावकाराच्या कचाट्यात आहेत. अशा 42 जणांची एकूण गरज होती फक्त 856 टका, तेव्हाचे साधारण 27 डॉलर. ते त्यांनी खिशातून दिले. त्यातून पुढे 1983 मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि 2006 मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. पदवी परदेशातली होती, पण प्रश्न शेजारच्या गावातला होता.

ग्रामीण बँक व्याज घेते, म्हणून आपल्यातल्या अनेकांना ते प्रारूप पटत नाही. मग हाच प्रश्न आपल्या मुला-मुलींनी वर्गात मांडावा. नफा-तोट्यात दोघांनी वाटा घ्यायचा, ही मुशारकाची पद्धत कराडच्या बाजारात कशी चालेल? मलेशियात 1983 पासून आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ आहे आणि तिथे इस्लामी अर्थव्यवहार शिकवला जातो. सहकार्य म्हणजे फक्त युरोप-अमेरिका नव्हे.

मलकापुरात असा वर्ग कसा दिसेल?

मलकापुरात कृष्णा अभिमत विद्यापीठ आहे आणि शेजारी कराडला 1960 पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. परिसरात इतरही कॉलेजं आहेत. समजा, इथल्या एखाद्या वर्गाने महिनाभर फळांच्या गाड्यांवर जाऊन रोज किती माल डागी निघतो ते वजन करून लिहिलं. त्याच महिन्यात परदेशातल्या एखाद्या वर्गाने आपल्या गावच्या मंडईत तेच मोजलं. मग दोन्ही वर्गांनी ऑनलाइन बसून आकडे ताडून पाहिले. तिकडे डागी फळाचं काय करतात? इथे त्याचं खत, मुरंबा किंवा गुरांचा चारा परवडेल का? याला विमानाचं तिकीट लागत नाही. इंटरनेट, तयारीचे दोन प्राध्यापक आणि गाडीवर उभा राहणारा विद्यार्थी लागतो. ज्या मुलीला परदेशात पाठवायला घर तयार नाही, तिलाही हा दरवाजा उघडा राहतो. आणि ज्या मुलाला अब्बांच्या गाडीची लाज वाटत होती, त्याच्याकडे वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त माहिती निघते.

फी भरण्याआधी एवढं विचारा

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये परदेशी विद्यापीठांसोबतच्या पदव्यांसाठी नियम केले. त्यात तीन प्रकार आहेत. ‘ट्विनिंग’मध्ये पदवी भारतीय संस्थेची असते आणि परदेशातले श्रेयांक जास्तीत जास्त 30 टक्के. ‘जॉइंट’मध्ये दोघांची मिळून एकच पदवी मिळते. ‘ड्युअल’मध्ये दोन संस्था आपापली पदवी देतात. नुसतं नाव भाड्याने घेऊन चालवलेली फ्रँचायझी या नियमांत बसत नाही आणि ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना हे नियम लागू नाहीत. ऑनलाइन कंपन्यांच्या मार्फत मिळणाऱ्या परदेशी पदव्यांबद्दल आयोगाने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर इशाराही दिला होता.

म्हणून प्रवेशाच्या टेबलावर संकोच न करता विचारा. या तीनपैकी हा कुठला प्रकार? पदवीवर कुणाचं नाव असेल? करार लेखी दाखवाल का? परदेशी प्राध्यापक वर्षात किती तास शिकवतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आमचं पोर कुठल्या इथल्या प्रश्नावर काम करेल? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द फक्त पाटीवर आहे, असं समजा.

घरातली जमापुंजी, कधी अम्मीचे दागिने, या फीत जातात. ती अमानत आहे. ती अशा शिक्षणावर लागावी, जे आपल्या पोरांना जग दाखवेल आणि परत आपल्याच गाडीपाशी आणून उभं करून विचारेल, हा धंदा आणखी तीस वर्षं कसा टिकेल?