नीरेच्या खोऱ्यातून : विठ्ठलगीतांची भारतीय परंपरा आणि भोर-वेल्ह्याची ओवी

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या कुशीत भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके वसले आहेत. राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वर यांच्यामुळे हा मुलूख स्वराज्याच्या इतिहासात अजरामर झाला. राजगडाच्या नावावरूनच वेल्हे तालुक्याचे ‘राजगड’ असे नामकरण करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. परंतु या परिसराचे आणखी एक नाते आहे आणि ते पंढरपूरशी आहे. ते नाते जोडले आहे नीरा नदीने.

भोर तालुक्याच्या पश्चिम भागात नीरेचा उगम होतो. वेळवंडी आणि वेल्ह्याकडून येणारी गुंजवणी या नद्या तिला मिळतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोहळ्यात पादुकांना स्नान घातले जाते ते नीरा गावाजवळ याच नदीच्या पात्रात. तुकाराम महाराजांच्या पादुकांचे नीरास्नान इंदापूर तालुक्यातील सराटी येथे होते. पुढे नरसिंहपूरजवळ नीरा भीमेला मिळते आणि भीमा पंढरपुरास ‘चंद्रभागा’ म्हणून ओळखली जाते. तेथून ती कर्नाटकात शिरते, कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर तेलुगू मुलखातून समुद्राकडे जाते. विठ्ठलाची गीतेही मराठी, कानडी आणि तेलुगू अशा याच प्रदेशांत पसरलेली आहेत. उत्तरेस पंजाब आणि दक्षिणेस तंजावरपर्यंतही ती पोहोचली. या विस्तृत परंपरेत भोर-वेल्ह्याच्या घराघरांतील गीतांचे स्थान कोणते, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

एक दैवत, अनेक भाषा

मराठीत विठ्ठलभक्तीचे प्रमुख वाहन म्हणजे अभंग. मोठ्या अभंगाच्या प्रत्येक कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार अक्षरे, तर दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण येतात. अक्षरांचा हा हिशोब सोपा असल्याने अभंग पाठ होण्यास सुलभ आणि टाळ-मृदंगावर समूहाने म्हणण्यास सोयीचा ठरला. निरक्षर शेतकऱ्यालाही शेकडो अभंग मुखोद्गत असत, त्याचे एक कारण या रचनेत आहे.

कर्नाटकात हेच दैवत हरिदासांच्या पदांतून अवतरले. पुरंदरदास (१४८४–१५६४) हे या परंपरेचे श्रेष्ठ रचनाकार असून त्यांना कर्नाटक संगीताचे पितामह मानले जाते. भोरच्या शेजारील पुरंदरगड हे त्यांचे मूळ स्थान, अशी एक जुनी समजूत होती. कर्नाटकातील अलीकडच्या अभ्यासकांचा कल मात्र तीर्थहळ्ळी परिसराकडे आहे. त्यांच्या पदांत सामान्यतः पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण असे भाग असतात व ती विशिष्ट रागतालांत बांधलेली असतात. ज्ञानेश्वरांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या एका अभंगात विठ्ठलाला कानडा म्हटले आहे. यावरून दोन्ही भाषांतील भक्तांनी हे दैवत किती सहजपणे आपले मानले होते, हे दिसते. हंपी येथील भव्य विठ्ठल मंदिर याच जिव्हाळ्याची साक्ष देते.

तेलुगूत सोळाव्या शतकात तेनाली रामकृष्ण कवीने ‘पांडुरंगमाहात्म्यमु’ हे काव्य रचले. तमिळ प्रदेशात तंजावरच्या मराठा राजवटीमुळे मराठी अभंग आणि कीर्तन यांना राजाश्रय लाभला. तेथील संप्रदाय-भजनपद्धतीत संस्कृत, तेलुगू व तमिळ रचनांच्या बरोबरीने मराठी अभंग आजही गाइले जातात. गाणाऱ्यांपैकी अनेकांना मराठी बोलता येत नाही, परंतु अभंग मात्र त्यांना मुखोद्गत असतात.

उत्तरेकडे हा प्रवाह नेला संत नामदेवांनी. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट असून त्यांत ‘बीठल’ हे नामही येते. पंजाबातील घुमान हे गाव नामदेवांच्या वास्तव्याने पुनीत झाले, अशी श्रद्धा आहे. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच गावी भरले. या भाषिक बंधुत्वाचे आपल्या काळातील ठळक उदाहरण म्हणजे पंडित भीमसेन जोशी. गदगसारख्या कानडी मुलखात जन्मलेल्या आणि पुण्यात स्थिरावलेल्या या गायकाने मराठी संतवाणी व कानडी दासवाणी या दोन्ही सारख्याच तन्मयतेने गाइल्या. २००८ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ जाहीर झाले.

जात्यावरचा विठ्ठल

मंदिरात, कीर्तनात आणि दिंडीत गाइल्या जाणाऱ्या या गीतांखेरीज विठ्ठलगीतांचा आणखी एक प्रकार आहे. त्याला ना मंच लागतो, ना वाद्य. तो म्हणजे स्त्रियांची जात्यावरची ओवी. ओवीचे प्राचीनत्व मोठे आहे. बाराव्या शतकात चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजेच ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये आपल्या ग्रंथासाठी ओवीचा स्वीकार केला, त्यापूर्वीच ती श्रमाशी जोडली गेलेली होती.

भोर-वेल्ह्यासारख्या भागात या ओवीला विशेष महत्त्व का आले, हे येथील शेती पाहिल्यावर उमगते. हा अतिवृष्टीचा आणि भाताचा प्रदेश. आषाढी एकादशीच्या सुमारास येथे लावणीची घाई असते. पाऊस आणि चिखल यांच्या गणितात एक दिवस चुकला तरी वर्षाच्या पिकावर परिणाम होतो. अशा वेळी घरातील एखाद्याला वारी घडते आणि बाकीचे खाचरात राबतात. घरातील सुनेला तर पंढरीची वाट दुर्मिळच. तिने ती पहाटे जात्यापाशी बसून चालली. ओवीत पंढरपूर हे तिचे माहेर होते आणि विठ्ठल कधी पिता, तर कधी भाऊ होतो. रुक्मिणी रुसते, जनाबाईचे दळण देव स्वतः दळतो, तुळस दारी डोलते. देवाचा संसार आणि स्वतःचा संसार यांत ती फारसा भेद करीत नाही. सासुरवास, दारिद्र्य, मुलांची काळजी ही सारी दुःखे याच ओळींत मिसळून येतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुले होण्यास १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. ओवीच्या दारावर मात्र असा पहारा कधीच नव्हता. सर्व जातींच्या स्त्रियांनी आपापल्या उंबऱ्याआड विठ्ठलाशी संवाद साधला.

नाममुद्रेचा प्रश्न

अभंग, पद आणि ओवी यांत एक सूक्ष्म पण अर्थपूर्ण भेद आहे. मराठी अभंगाच्या शेवटी रचणाऱ्या संताचे नाव येते. त्या नाममुद्रेमुळे शतकांनंतरही अभंग कोणाचा, हे ओळखता येते. कानडी हरिदासांच्या पदांत बहुधा देवाचे नाव येते, पण प्रत्येकाची मुद्रा वेगळी असते. पुरंदरदासांची ‘पुरंदरविठ्ठल’, विजयदासांची ‘विजयविठ्ठल’, जगन्नाथदासांची ‘जगन्नाथविठ्ठल’. देवाच्या नावातच भक्ताची ओळख राहते.

जात्यावरच्या ओवीला अशी मुद्रा नाही. ती आईकडून लेकीला, सासूकडून सुनेला मिळाली. प्रत्येकीने तीत आपली एखादी ओळ घातली, पण नाव कोणीच घातले नाही. त्यामुळे ओवीची सारी नोंद गाणाऱ्या बाईच्या स्मरणात असते. ती बाई गेली की ओवी जाते आणि तिच्यामागे ती कोणाची होती हे सांगणाराही उरत नाही.

स्मरणातून कागदावर

गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि स्त्रियांचे पहाटेचे कष्ट हलके झाले. ही स्वागतार्हच गोष्ट होय. जाते पुन्हा फिरू लागावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु जात्याबरोबर ओवीचे निमित्तही संपले. ज्या स्त्रियांनी लहानपणी प्रत्यक्ष दळताना ओव्या ऐकल्या, त्या आज वृद्ध आहेत. म्हणूनच या गीतांची नोंद हे काम निकडीचे झाले आहे.

या दिशेने मोलाचे कार्य झालेले आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री-जीवन’मध्ये ओव्यांचा संग्रह केला. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने लोकगीतांचे अनेक संग्रह प्रसिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून आरंभ करून ग्रामीण स्त्रियांच्या सहभागाने एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदविणे, हे त्या कार्याचे वैशिष्ट्य. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या संस्थेने हा संग्रह ध्वनिमुद्रणांसह सर्वांसाठी खुला करण्यास प्रारंभ केला. शतकानुशतके अनामिक राहिलेल्या ओवीला अशा प्रकारे प्रथमच नाममुद्रा लाभली.

या कार्यात गावाचा वाटा मोठा असू शकतो. शाळेतील विद्यार्थ्यांनी आपल्या आजीच्या चार ओव्या लिहून आणल्या तरी पुष्कळ होईल. ओवी बोलीत असेल तशीच लिहावी, ती ‘शुद्ध’ करू नये. गाणारीचे नाव, गाव, ती कोणाकडून शिकली आणि कोणत्या प्रसंगी म्हणत असे, हे तिच्या संमतीने नोंदवावे. चाल कागदावर उतरत नाही, म्हणून शक्य तेथे भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करावे. अशा वह्या आणि मुद्रणे शाळेत वा ग्रंथालयात जतन करता येतील. हरिनाम सप्ताहात भजनी मंडळांच्या जोडीने वृद्ध स्त्रियांच्या ओव्यांनाही एक पहाट देता येईल.

अभंगाच्या गाथा छापल्या गेल्या आणि हरिदासांची पदे संगीतसभांतून गाजत राहिली. त्यांना विस्मृतीचे भय उरलेले नाही. नीरेच्या उगमाजवळच्या वाड्यावस्त्यांतील ओवी मात्र अद्याप थोड्या वृद्ध कंठांतच आहे. ती ऐकून लिहून घेण्यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती एक वही आणि आजीपाशी बसण्याची सवड. हे काम याच पिढीने हाती घ्यावयास हवे, कारण पुढच्या पिढीला ओवी सांगणारे कोणी उरलेले नसेल.