कोल्हापुरात एक दिवस मोकळा मिळाला तर : शाहूपुरीपासून किरणोत्सवापर्यंत

पीएचडीच्या मुलाखतीचा हंगाम सुरू झाला की एक प्रश्न मला हमखास येतो. "दादा, विद्यापीठात मुलाखत आहे. शाहूपुरीत लॉजवर उतरतोय, स्टेशन आणि एसटी स्टँड दोन्ही जवळ आहेत म्हणून. आदला दिवस मोकळा आहे. वाचत बसू की कोल्हापूर बघू?"

माझं उत्तर ठरलेलं आहे: कोल्हापूर बघा. पण बघताना एक वही जवळ ठेवा.

कारण सांगतो. मुलाखतीत बहुतेक जण विषय सांगतात, प्रश्न सांगत नाहीत. "मला पंचगंगेच्या प्रदूषणावर काम करायचंय" हा विषय झाला. त्यावर समोरून येतं, "बरं, मग प्रश्न काय आहे तुमचा?" आणि तिथं गाडी अडते. माझीही पहिल्या मुलाखतीत अशीच अडली होती. विषय पुस्तकातून मिळतो. प्रश्न मात्र बघण्यातून मिळतो आणि बघण्याची सवय एका दिवसातही लावता येते. त्यासाठी शाहूपुरीसारखी सुरुवातीची जागा नाही.

सकाळ : शाहूपुरी आणि पुराची खूण

शाहूपुरी म्हणजे राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली व्यापारपेठ. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली होती आणि आसपास ऊस होता, म्हणून स्टेशनजवळ गुळाची बाजारपेठ उभी राहिली. आज गुळाचे सौदे मार्केट यार्डात होतात, पण पेठेचं वळण टिकून आहे. गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत, त्यामुळे नवखा माणूसही सहसा चुकत नाही. कुंभार गल्लीत जाऊन या. गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने असतील तर गल्लीभर मूर्तीच मूर्ती दिसतील.

तिथून व्हीनस कॉर्नरला या आणि पहिला अभ्यास करा. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पुराचं पाणी या भागात शिरलं होतं. चहा घेता घेता तीन वेगवेगळ्या दुकानदारांना विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" कोणी गुडघ्याला हात लावेल, कोणी छातीला, कोणी शटरवरची रेघ दाखवेल. तिन्ही उत्तरं वहीत लिहा.

आता त्यांच्याशेजारी अधिकृत आकडा ठेवा. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पावसाळ्यात इथलं शाळकरी पोरसुद्धा आज किती फूट झाले ते सांगतं.

पण व्हीनस कॉर्नरला ५५ फूट पाणी नव्हतं, हे उघड आहे. मग हे ५५ फूट कुठून मोजलेले? बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीच्या शून्यापासून. कोणतंही मोजमाप कुठल्या तरी शून्याला धरून असतं आणि तो शून्य सांगितला नाही तर आकडा लटकतो. दुकानदाराचा शून्य म्हणजे त्याच्या दुकानाची पायरी. दोन्ही माणसं खरंच बोलतायत, फक्त त्यांचे शून्य वेगळे आहेत. आता प्रश्न असा बनतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी अमुक फूट असताना शाहूपुरीच्या अमुक गल्लीत ते पायरीपासून किती वर येतं? हा प्रश्न मोजता येतो, तपासता येतो आणि चुकीचाही ठरू शकतो. 'पुराचा अभ्यास' या दोन शब्दांपेक्षा तो कितीतरी पुढे गेलेला आहे.

दुपार : दसरा चौक आणि टाऊन हॉल

व्हीनस कॉर्नरवरून चालत दसरा चौकात या. शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी क्षणभर थांबा. शहरातल्या वसतिगृहांची परंपरा १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरू झाली. पुढे वेगवेगळ्या समाजांसाठी अशी बोर्डिंगं निघाली, त्यातली काही या चौकाच्या आसपासच आहेत. घरातली पहिली पिढी म्हणून तुम्ही संशोधनाला निघाला असाल, तर तुमच्या वाटेचा एक तुकडा इथून जातो.

पुढे सीपीआर हॉस्पिटलजवळ टाऊन हॉल आहे. आत वस्तुसंग्रहालय आहे (सोमवार सोडून जा). इथं बघायची वस्तू एकच सांगतो: पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती. ग्रीकांचा हा समुद्रदेव पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडला. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं आणि सातवाहन काळातल्या वस्तीचे अवशेष उजेडात आले.

मूर्तीसमोर उभं राहून वहीत दोन रकाने पाडा. एकात 'सापडलं काय', दुसऱ्यात 'त्यावरून म्हणतो काय'. पहिल्या रकान्यात येईल: भूमध्य समुद्राच्या बाजूच्या घडणीची ब्राँझ मूर्ती, ब्रह्मपुरी. दुसऱ्यात येईल: त्या काळी रोमन जगाशी व्यापार होता. 'रोमन लोक कोल्हापुरात राहत होते' हे मात्र दुसऱ्या रकान्यातही बसत नाही, कारण वस्तू दहा हातांतून फिरत येऊ शकते. तुमच्या घरात चिनी बनावटीचा मोबाईल आहे म्हणून घरात चिनी माणूस राहतो, असं कोणी म्हणत नाही. प्रबंधातली निम्मी भांडणं या दोन रकान्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

वेळ असेल तर ब्रह्मपुरीवरून पंचगंगा घाटावर उतरा. भूक लागली असेल तर मिसळ किंवा तांबडा-पांढरा. त्यात माझ्या सल्ल्याची गरज नाही.

संध्याकाळ : अंबाबाई आणि अठरा अंश

दिवसाचा मुख्य भाग आता येतो. सूर्य मावळायच्या तासभर आधी महाद्वार रोडवर पोहोचा.

अंबाबाईच्या मंदिराचं तोंड पश्चिमेला आहे. वर्षातून दोनदा मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येतात आणि गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा असं करत देवीपर्यंत पोहोचतात. हा किरणोत्सव. तारखा ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी किरणं चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर, असं सांगितलं जातं. त्या दिवसांत सगळं शहर एकमेकांना विचारत असतं, "आज किरणं कुठपर्यंत पोहोचली?"

आधी तारखा तपासू. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर हे ४१ दिवस. २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी हे ४२ दिवस. म्हणजे दोन्ही उत्सव सूर्याच्या दक्षिण टोकापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो. कोल्हापूरचं अक्षांश १६.७ अंश उत्तर धरून गणित केलं, तर त्या दिवशी सूर्य नेमक्या पश्चिमेपासून जवळपास १८ अंश दक्षिणेकडे मावळतो. जाताना आणि परत येताना तो त्याच जागी येतो, म्हणून उत्सव दोनदा. हे सरळ बसतं.

इंटरनेटवर काही ठिकाणी मात्र हीच घटना २१ मार्च आणि २१ सप्टेंबरच्या आसपास घडते असं लिहिलेलं सापडेल. त्या दिवसांत सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. दोन दाव्यांत १८ अंशांचा फरक आहे आणि तेवढा फरक मोबाईलचा कंपाससुद्धा पकडतो. मंदिराबाहेर, लोखंडी रेलिंगपासून लांब उभं राहून मंदिराच्या मधल्या रेषेची दिशा घ्या. एकदा घेऊन थांबू नका, पाच वेळा घ्या आणि सरासरी काढा. कुठला दावा टिकतो ते तुमचं तुम्हाला कळेल. 'अमुक ठिकाणी लिहिलंय' इथून 'मी मोजून पाहिलं' इथपर्यंतची ही पहिली पायरी.

आता खरा प्रश्न. किरणं चरणांवरून मुखाकडे का चढतात?

एका संध्याकाळपुरतं उत्तर सोपं आहे. सूर्य जितका खाली, तितकी किरणं आडवी आणि त्यांचा कवडसा तितका वर. आधी उंबरा, मग चरण, मग छाती, मग मुख.

दिवसागणिकचा क्रम घेतला की गंमत होते. आपल्याकडे सूर्य मावळताना सरळ खाली जात नाही, थोडा उजवीकडे म्हणजे उत्तरेकडे सरकत उतरतो. नोव्हेंबरात तो रोज थोडा जास्त दक्षिणेला असतो. त्यामुळे मंदिराच्या रेषेत यायला त्याला रोज आणखी खाली उतरावं लागतं. दिवसाला साधारण एक अंश. खाली उतरला की कवडसा वर. म्हणून पहिल्या दिवशी चरण, तिसऱ्या दिवशी मुख. सांगितलेला क्रम जुळला.

फेब्रुवारीत सूर्य परतीच्या वाटेवर असतो. रोज थोडा जास्त उत्तरेला. मग तो रोज आधीच, म्हणजे वर असतानाच रेषेत येणार. या हिशोबाने ३१ जानेवारीला मुख आणि २ फेब्रुवारीला चरण असा उलटा क्रम यायला हवा. पण दोन्ही वेळी एकच क्रम सांगितला जातो.

इथं वही उघडून बसा. प्रश्न सापडला आहे. कदाचित दरवाज्यांची रुंदी एवढी असेल की एकाच संध्याकाळी तिन्ही टप्पे दिसतात आणि तीन दिवसांची विभागणी परंपरेने सोयीसाठी केली असेल. कदाचित वाटेतले अडथळे क्रम बदलत असतील. कदाचित माझ्या सरळ भूमितीत काहीतरी सुटलं असेल. यातली प्रत्येक शक्यता तपासता येते: तीन दिवस, तीच जागा, दर मिनिटाला एक नोंद आणि दोन्ही हंगामांत तीच पद्धत.

अडथळ्यांचं गणितही करून बघा. मुखावर पडणारी किरणं सर्वांत आडवी असतात. त्यामुळे पश्चिमेला एखादी इमारत उंच झाली, तर आधी मुखावरची किरणं जातात, चरणांवरची नंतर. १०० मीटर लांब असलेल्या गच्चीवर पावणेदोन मीटरची पाण्याची टाकी किरणांच्या वाटेत आली, तर ती आकाशाचा एक अंश अडवते. सूर्याला एक अंश उतरायला साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात. सगळा सोहळाच थोड्या मिनिटांचा असतो, त्यातली ही साडेचार गेली. ज्याने टाकी बसवली त्याच्या हे गावीही नसेल. त्याला जाब विचारायचा की नाही हे संशोधकाचं काम नाही. टाकीने किती अंश आणि किती मिनिटं खाल्ली, हे सांगणं मात्र आहे. त्या आकड्यावरच शहराला पुढचं बोलता येतं.

हे सगळं देवळात उभं राहून विचारणं बरं दिसतं का, असं मला एकाने विचारलं होतं. मला त्यात अडचण वाटत नाही. ज्यांनी ही रेषा आखली, त्यांनी वर्षानुवर्षं सूर्यास्त पाहिले असणार, खुणा केल्या असणार, चुका दुरुस्त केल्या असणार. आपण त्यांच्याच कामाची उजळणी करतोय. फक्त रांगेतल्या माणसाची वाट अडवू नका आणि फोटो-मोजमापाची परवानगी आधी विचारा. ती शिस्त पुढे प्रयोगशाळेतही लागते.

रात्री लॉजवर परतल्यावर

रंकाळ्यावर एक फेरी मारा, भेळ खा आणि शाहूपुरीत परत या. झोपण्याआधी दिवसभरातला एक प्रश्न निवडून चार ओळी लिहा. मला काय दिसलं? त्यातलं नक्की माहीत काय आहे? काय मोजलं तर उत्तर मिळेल? आणि कुठलं उत्तर आलं तर मी चूक ठरेन?

चौथी ओळ सर्वांत अवघड जाते. ती लिहिता आली नाही, तर तुमच्याकडे अजून विषयच आहे.

सकाळी केएमटीने विद्यापीठात जा. मुलाखतीत अंबाबाईचा किंवा पुराचा विषय निघणार नाही, तुमच्याच विषयावर बोलणं होईल. पण "प्रश्न काय आहे तुमचा?" असं कोणी विचारलं, तर त्या चार ओळींचा साचा तुमच्या हाताशी असेल. आणि फेब्रुवारीतल्या क्रमाचं कोडं तुमच्यापैकी कोणी नीट नोंदी घेऊन सोडवलं, तर मला जरूर कळवा. माझी भूमिती चुकली असेल तर तेही बिनधास्त सांगा.