पुतळ्याला दुखत नाही

स्किल लॅबमधल्या पुतळ्याच्या रबरी हाताला सुई कितीही वेळा टोचा, तो हात मागे घेत नाही. वॉर्डातली सत्तरीची आजी मात्र हात आखडते आणि शेजारी उभा असलेला तिचा मुलगा विचारतो, ‘नवीन आहात का?’

बेंगळुरूत जयनगरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांत बी.एस्सी. नर्सिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला हा क्षण ओलांडावाच लागतो. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१मध्ये आणलेल्या अभ्यासक्रमात आठ सत्रं आहेत आणि शेवटचं सत्र इंटर्नशिपचं. २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, म्हणजे एकूण १०५६ तास.

५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचं, सेट मिलिलिटरला २० थेंबांचा; मिनिटाला साधारण ४२ थेंब. हे गणित वहीत चटकन सुटतं. वॉर्डात तेच करताना पलीकडच्या बेडवर कुणाला उलटी होते, कुणी डिस्चार्जचं विचारतं, फोन वाजतो. नजर घड्याळावर खिळली की पेशंटचा चेहरा पाहायचा राहून जातो, आणि धाप वाढत चालल्याची खूण पुष्कळदा तिथेच दिसते.

त्यात भाषा. केरळ, बंगाल, ईशान्य भारतातून मुलं इथे येतात. सीमाभागातल्या मराठी मुलीचं थोड्याफार कन्नडवर निभावतं. ‘एल्लि नोवु?’, म्हणजे कुठे दुखतंय, हे विचारणं दोन दिवसांत जमतं. उत्तर उमगायला वेळ लागतो. छातीत जळजळतंय की छाती आवळल्यासारखी वाटतेय, यावर पुढची धावपळ ठरते.

अमेरिकेत मार्लिन क्रेमर यांनी १९७४मध्येच आपल्या पुस्तकात शिकलेलं आणि प्रत्यक्ष वॉर्ड यांतल्या तफावतीच्या धक्क्याला नाव दिलं : ‘रिअ‍ॅलिटी शॉक’. पुढे १९८४मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिक्या नर्सपासून तज्ज्ञ नर्सपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकी नियम पाळते. त्या क्षणी कोणती गोष्ट महत्त्वाची, हे तिला अजून दिसत नसतं. ती नजर पेशंटजवळच येते, आणि तीही कुणी जाणतं सोबत असेल तर.

म्हणूनच ‘हल्लीची मुलं तयार नसतात’ हे वाक्य मला टोचतं. इंटर्नला अपुऱ्या स्टाफच्या जागी उभं केलं तर तास भरतात, शिकणं राहतं. रात्रपाळीच्या हँडओव्हरला एखादी इंटर्न चाचरत म्हणते, ‘सिस्टर, हा डोस मला बरोबर वाटत नाही, एकदा बघता का?’ अशा वेळी इनचार्ज सिस्टरने हातातलं पेन खाली ठेवून तिच्याबरोबर बेडपर्यंत जायला हवं.