दिनविशेष : २३ जुलै

आमच्या महाविद्यालयाच्या दारात एक फळा आहे. त्यावर रोज दिनविशेष लिहिण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे होते. महाबळेश्वरचा जुलै म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. पाऊस आणि धुके यांत समोरची झाडेही दिसत नव्हती. अशा एका सकाळी मी लिहिले : '२३ जुलै. १८५६ : लोकमान्य टिळकांचा रत्नागिरी येथे जन्म. १९७४ : ग्रीसमधील लष्करी राजवटीचा शेवट.' हात झटकून वळलो, तो कराडकडचा एक वर्गमित्र मागे उभा. तो एवढेच म्हणाला, "आणि आमचे खाशाबा?"

मी ओशाळलो. कृष्णा आणि कोयना आमच्या डोंगरावर उगम पावतात आणि कराडला एकमेकींना भेटतात. त्या कराडलगतच गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचे गाव. दूरच्या ग्रीसची तारीख मला पाठ. पण आपल्याच जिल्ह्यातील पैलवानाची तारीख मात्र ठाऊक नव्हती!

२३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. जपानचा इशी पहिला आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव दुसरा आला. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. असे दुसरे पदक लिअँडर पेसने आणले ते १९९६ साली, म्हणजे तब्बल ४४ वर्षांनी. मग एवढी मोठी गोष्ट मागे का पडली? एक कारण असे की दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, आपल्या हॉकी संघाने हॉलंडला ६-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. सोन्यापुढे कांस्य झाकोळले.

पण त्या एका दिवसामागे किती दिवस होते! १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले होते. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या विद्यार्थ्यासाठी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९८४ साली त्यांचे अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

ग्रीसचेही तसेच. ऑलिंपिकचे हे मायघर १९६७ पासून लष्कराच्या टाचेखाली होते. सायप्रसमधील दुःसाहस अंगाशी आले आणि २३ जुलै १९७४ ला सेनाधिकाऱ्यांनी सत्ता सोडली. एका दिवसाची बातमी. तिच्यामागे सात वर्षांची घुसमट.

आणि टिळक? महाविद्यालयातील पहिले वर्ष त्यांनी तालमीत घालवले, अभ्यास मागे पडला तरी पर्वा केली नाही. पुढे मंडालेचा तुरुंगवास सोसायला तेच शरीर कामी आले. योगायोग पाहा : खाशाबा ज्या शाळेत शिकले, ते कराडचे टिळक हायस्कूल!

तारखा जुळणे हा नुसता योगायोग. पण कोणती तारीख फळ्यावर लिहायची आणि कोणती विसरायची, हे मात्र खडू ज्याच्या हातात, तो ठरवतो. त्या सकाळी मी ओलसर फळ्यावर आणखी एक ओळ लिहिली. ती वाचायला मित्र थांबला होता.