काचेमागचं तांबं

प्रयोगशाळेतल्या टेबलावर काचेची एक चकती उभी आहे. तिच्या मागे, जवळजवळ चिकटूनच, तांब्याचा पत्रा. समोरून हिरव्या लेझरचा झोत सोडायचा, तोही अशा बेतानं मोजलेला की तांब्याचा पृष्ठभाग उडावा, पण नुसत्या काचेला काही होऊ नये. प्रकाश काचेतून आरपार जातो आणि तांब्यावर आदळतो. नंतर पाहावं, तर खाच पडलेली असते काचेला! तीही लेझरकडच्या अंगाला नव्हे, तांब्याकडच्या.

जपानच्या ‘रिकेन’ संस्थेत कोजी सुगिओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस या युक्तीवर बरंच काम केलं. लेझरचा प्रत्येक स्पंद जेमतेम काही नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात तांब्याच्या वरच्या थराची वाफ होते आणि वाफेचा प्लाझ्मा, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि विद्युतभारित अणू यांचा तापलेला लोट. हा लोट काचेच्या पाठीवर येऊन थडकतो, तेव्हा स्पंदाचा शेवटचा भाग अजून काचेतून येतच असतो. एरवी तो बिनबोभाट निघून गेला असता. आता मात्र काचेच्या पाठीवर त्याला शोषून घेणारं कोणीतरी बसलेलं असतं. ऊर्जा तिथेच अडते आणि काचेचा पातळ थर निघून जातो. पत्रा फार मागे सरकवला तर लोट उशिरा पोहोचतो, खाच धड पडत नाही आणि काचेवर नुसतं तांबं माखतं.

एवढा खटाटोप करावा लागतो, कारण काच प्रकाशाला दादच देत नाही. शुद्ध सिलिकातला इलेक्ट्रॉन जागचा सुटायला सुमारे ९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनपाशी असते साधारण २.३. पोलाद कापायला वापरतात त्यातले अनेक लेझर तर अवरक्त प्रकाशाचे, त्यांचा फोटॉन आणखी अशक्त. कार्बन डायऑक्साइड लेझरचा १०.६ मायक्रोमीटरचा प्रकाश काच आनंदानं शोषते हे खरं, पण ती तापते. काचेतून उष्णता लवकर पसरत नाही, त्यामुळे साधी काच एका जागी फुगते आणि तडकते.

गंमत म्हणजे, काचेच्या पाठीवर होणारी ही इजा मोठे लेझर बांधणाऱ्यांच्या चांगल्याच परिचयाची, पण डोकेदुखी म्हणून. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर इथे अणुसंमीलनाच्या प्रयोगांसाठी १९२ झोतांची यंत्रणा आहे. तिच्या सिलिकाच्या भिंगांना मागच्या, म्हणजे प्रकाश बाहेर पडण्याच्या बाजूला एखादा सूक्ष्म चरा किंवा कण राहिला, तर तिथे खड्डा पडतो आणि पुढच्या स्पंदांनी तो वाढत जातो. मग भिंग उतरवायचं आणि खड्ड्याची डागडुजी करायची ती कार्बन डायऑक्साइड लेझरनं. शुद्ध सिलिका तापून फारशी फुगत नाही, म्हणून तिला हे सोसतं.

काच कोरण्याचा दुसरा मार्ग श्रीमंतांचा. डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी १९८५ साली अतिलघु स्पंदांची तीव्रता प्रचंड वाढवण्याची रीत शोधली (२०१८चं नोबेल त्यांना याचसाठी मिळालं). फेम्टोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख-अब्जांश भागांच्या हिशेबातला हा स्पंद इतका दाट असतो की एकाच इलेक्ट्रॉनवर पाच-सहा फोटॉन एकदम येऊन पडतात. एकट्यादुकट्याला न हलणारं दार सहा जणांनी मिळून ढकलावं, तसं. इथे पत्रा लागत नाही, प्लाझ्मा काचेच्या पोटातच तयार होतो. उष्णता पसरण्याआधी काम संपतं. मोबाइलची कडक काच कापायला असे लेझर कारखान्यांत वापरले जातात. तरी खरं सांगायचं, तर मला तांब्याच्या पत्र्याचंच कौतुक जास्त वाटतं. साध्या नॅनोसेकंद लेझरला काच कोरायला लावणं ही जुगाडाची वरची पायरी आहे.

जर्मनीत ग्योटिंगेनमधल्या संशोधकांचा डाव याहून शांत. ते आधी काचेवर आरगॉन आणि थोड्या हायड्रोजनचा थंड प्लाझ्मा फिरवतात. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये काच ठेवून साध्या हवेच्या दाबाखाली असा प्लाझ्मा पेटवता येतो. ओझोन बनवण्यासाठी वेर्नर फॉन सीमेन्सनं १८५७ साली हीच तऱ्हा वापरली होती, त्यातही मध्ये काचच होती. ग्योटिंगेनच्या रीतीत हायड्रोजन काचेच्या पृष्ठभागातला थोडा ऑक्सिजन काढून नेतो. मागे उरलेल्या, ऑक्सिजन कमी पडलेल्या अतिशय पातळ थराची पारदर्शकता अतिनील प्रकाशापुरती घटते. मग अतिनील लेझर त्याच थरात अडतो, कमी ऊर्जेत काम होतं आणि खाच अधिक सुबक येते.

आणि लेझर नकोच असेल, तर प्लाझ्मात फ्लोरिनयुक्त वायू सोडायचा. फ्लोरिनचे सुटे अणू सिलिकॉनला पकडतात, सिलिकॉन टेट्राफ्लोराइड हा वायू बनतो आणि उडून जातो. काच खाण्याची हायड्रोफ्लोरिक आम्लाची ख्याती शतकांची, पण ते त्वचेतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. प्लाझ्मात फ्लोरिन हवा तेव्हा आणि बोटभर जागेपुरताच तयार होतो, तरी निघणारे वायू विषारीच, ते ओढून घ्यावेच लागतात. ओसाकात आणि लाइपझिगमध्ये भिंगं-आरसे घडवण्यासाठी ही रीत चांगली विकसित झाली. तिला अडवतं ते मीठ. खिडकीच्या काचेत सोडियम आणि कॅल्शियम असतं, त्यांची फ्लोराइडं उडून जात नाहीत, तिथेच पापुद्रा धरून बसतात आणि खालच्या काचेला फ्लोरिनपासून झाकतात. तो थर धुऊन काढल्याखेरीज किती खोल गेलं हेही नीट मोजता येत नाही. त्यामुळे ही पद्धत मोकळेपणानं चालते ती शुद्ध सिलिकावर.