लाल दिसले म्हणजे गरम नव्हे!

सुट्टीत घरी गेलो की लाल-पिवळ्या-निळ्या रंगांचे ‘थर्मल’ व्हिडिओ काढायला आपल्यापैकी अनेकांना आवडते. रात्री पहाऱ्यावरचे जवान वापरतात तोच कॅमेरा मोबाइलमध्ये आला, असे काहींना वाटते. पण मोबाइलचा फिल्टर उष्णता पाहत नाही. तो फक्त उजेड मोजतो.

चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा उजळपणा साधारणपणे 0 ते 255 या आकड्यांत नोंदलेला असतो. फिल्टर काळपट बिंदूला निळा, मधल्याला हिरवा-पिवळा आणि उजळ बिंदूला लाल रंग देतो. बस, एवढेच! चामराजपेटमधल्या एखाद्या डोशाच्या हॉटेलात हे करून पाहा. शेगडीवरचा काळा तवा चटका बसेल इतका तापलेला असतो, तरी पडद्यावर निळा दिसतो. ताटलीतली थंड, पांढरी खोबऱ्याची चटणी मात्र लालभडक!

खऱ्या थर्मल कॅमेऱ्याचे काम वेगळे आहे. 1800 साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. अवरक्त किरणांचा शोध असा लागला. आपल्या शरीरातून हे किरण सतत बाहेर पडतात. त्यांची तरंगलांबी मुख्यतः 10 मायक्रोमीटरच्या आसपास असते. मोबाइलच्या सिलिकॉन सेन्सरची धाव मात्र जेमतेम 1 मायक्रोमीटरपर्यंत. शिवाय साधी काच हे किरण अडवते, म्हणून थर्मल कॅमेऱ्याचे भिंग बहुधा जर्मेनियमचे असते.

‘सीमेवरचा थर्मल व्हिडिओ’ म्हणून काही आले, तर पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासा. चालणाऱ्या माणसाबरोबर त्याची सावलीही सरकते का? शर्टावर छापलेली अक्षरे स्पष्ट वाचता येतात का? बंद काचेच्या खिडकीतून पलीकडचे दिसते का? उत्तर ‘हो’ असेल, तर तो बहुधा फिल्टरच आहे. सैनिकांच्या नावाने खोटी माहिती आपल्या हातून तरी पसरू नये.

गंमत म्हणून किंवा नाटुकल्यासाठी फिल्टर जरूर वापरा. मागे गडद पडदा, चेहऱ्यावर समोरून उजेड आणि मोबाइल स्थिर ठेवला की रंग छान उठतात. मात्र लहान भावाला ताप आहे का, विजेची वायर तापली आहे का, हे त्यावरून ठरवू नका. तापासाठी थर्मामीटर आणि वायरसाठी इलेक्ट्रिशियनच हवा.