टॅली लागली का?

मैदानावरचा सामना संपतो, खेळाडू किट आवरायला लागतात, स्टंप उपटून झालेले असतात. तेव्हाही कडेच्या टेबलाशी दोन माणसं मान खाली घालून बेरजा करत बसलेली दिसतात. त्यातल्या एकाच्या तोंडून 'लागली' असा शब्द निघाला, की सामना खऱ्या अर्थानं संपतो. लागते ती टॅली. वर्तमानपत्रं या माणसांना गुणलेखक म्हणतात, मैदानावर मात्र सगळे स्कोअररच म्हणतात. त्यातले कितीतरी जण निव्वळ हौसेपोटी इथं आलेले असतात. कुणाचं खेळायचं राहून गेलेलं असतं, कुणी नोकरी सांभाळून रविवार मैदानाला दिलेला असतो.

क्रिकेटच्या नियमावलीतला तिसरा नियम या दोघांचा आहे. स्कोअरर दोन हवेत, त्यांनी आपल्या नोंदी वारंवार एकमेकांशी ताडून पाहाव्यात आणि पंचानं केलेली प्रत्येक खूण मिळाल्याची पोच द्यावी. म्हणून तर पंच चौकाराचा हात हलवून टेबलाकडे बघत उभा राहतो. टेबलावरून हात वर झाल्याशिवाय पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही, ही शिस्त आहे.

पण दोन माणसं कशाला? याचं उत्तर वहीतच आहे. त्यासाठी एक षटक लिहून बघू.

स्ट्राइकवर अ आहे, पलीकडे ब. पहिला चेंडू निर्धाव, म्हणजे एक टिंब. दुसऱ्यावर एकेरी धाव, अ पलीकडे गेला. पुढचा चेंडू वाइड. त्याची खूण अधिकच्या चिन्हासारखी. तो मोजायचा नाही, पण लिहायचा. मग ब चौकार मारतो. त्यानंतरचा चेंडू पॅडला लागून जातो, लेग बायची एक धाव निघते, त्यासाठी टोक खाली असलेला त्रिकोण. (साध्या बायसाठी टोक वर.) आता समोर पुन्हा अ, आणि तो त्रिफळाचीत. नवा फलंदाज क येतो आणि शेवटचा चेंडू खेळून काढतो.

संघाच्या धावा झाल्या ७. वहीत त्या तीन ठिकाणी चढतात. फलंदाजांच्या खात्यात ५, म्हणजे अची १ आणि बच्या ४. अवांतर २. गोलंदाजाच्या खात्यात मात्र ६, कारण वाइड त्याच्या माथी बसतो, लेग बाय नाही. (१९८०च्या दशकापर्यंत वाइड आणि नो-बॉलही गोलंदाजाच्या नावावर धरत नसत, त्यामुळे जुन्या आणि नव्या गोलंदाजांचे आकडे शेजारी ठेवताना जरा जपून.) फलंदाज अधिक अवांतर, ५ आणि २, सात. गोलंदाज अधिक बाय आणि लेग बाय, ६ आणि १, सात. चेंडूंचा हिशेब वेगळा : अनं ३ खेळले, बनं २, कनं १, एकूण सहा. टाकले गेले सात, पण वाइड कुणीच 'खेळला' नाही. नो-बॉल असता तर उलट झालं असतं : तो षटकात मोजत नाहीत, पण फलंदाजाच्या चेंडूंत धरतात.

दोन्ही बाजूंनी बेरीज जुळली, म्हणजे टॅली लागली. नवशिक्याला इथं वाटतं, की आता वही बिनचूक झाली. ती झालेली नसते. समजा, लेग बायची ती धाव स्कोअररनं बॅटची समजून बच्या आणि गोलंदाजाच्या, दोन्ही खात्यांत चढवली. मग फलंदाजांच्या धावा ६, अवांतर १, एकूण सात. गोलंदाजाच्या ७, लेग बाय शून्य, तरी सात! चूक आहे आणि टॅलीही लागलेली आहे. अची धाव बच्या नावावर गेली तरी तेच. बेरीज हातची चूक पकडते, डोळ्यांची पकडत नाही. डोळ्यांची चूक पकडायला शेजारी दुसरे डोळे लागतात. दोन स्कोअररचा नियम माझ्या मते याच एका गोष्टीसाठी टिकून आहे.

मुंबईच्या मैदानांवर ही डोळ्यांची परीक्षा फार कडक असते. आझाद मैदानावर खेळपट्ट्या इतक्या जवळजवळ, की शेजारच्या सामन्याचा क्षेत्ररक्षक तुमच्या आणि फलंदाजाच्या मध्ये येऊन उभा राहतो. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग तर ऐन पावसाळ्यातली. शालेय सामन्यात हेल्मेट घातलेली दोन मुलं सारखीच दिसतात, मग स्कोअरर एकाचे पॅड लक्षात ठेवतो, दुसऱ्याची वर सारलेली बाही, तिसऱ्याची चालण्याची ढब.

आणि दिसलेलं सगळंच लिहायचं नसतं. पंच जे दाखवेल ते लिहायचं. २०१९च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्षेत्ररक्षक गप्टिलची फेक फलंदाज स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेली, पंचांनी सहा धावा दिल्या. त्या पाच असायला हव्या होत्या, हे नंतर पंच धर्मसेना यांनीही मान्य केलं. वहीत सहाच आहेत आणि सहाच राहणार.

ही वही पूर्वी लाकडाची होती. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रत्येक धावेसाठी काठीवर खाच पाडत. मग कागद आला, प्रत्येक फलंदाजाला एक ओळ. त्या ओळीतून त्यानं किती केल्या ते कळतं, पण कुणाच्या गोलंदाजीवर आणि केव्हा, ते शोधायला घाम फुटतो. उपाय शोधला तो या कामाच्या वेडापायी आलेल्या माणसांनी. सिडनीच्या बिल फर्ग्युसनला १९०५च्या इंग्लंड दौऱ्यावर संघाबरोबर जायचं होतं. कसोटीपटू माँटी नोबल दंतवैद्य होते, तेव्हा हा दात दाखवायला म्हणून त्यांच्याकडे गेला आणि काम मिळवून आला. पुढं जवळपास पन्नास वर्षं तो वेगवेगळ्या संघांबरोबर फिरला. प्रत्येक फटका कुठल्या दिशेला गेला, त्याच्या रेघा तो काढून ठेवी. आज टीव्हीवर दिसणारं 'वॅगन व्हील' त्याच रेघांचं. बीबीसी रेडिओवर १९६६पासून बसलेल्या बिल फ्रिंडॉल यांनी ओळीची वेगळी, आधीपासूनची पद्धत घोटून रूढ केली. फलंदाजाला ओळ न देता षटकाला ओळ द्यायची, म्हणजे डाव घडला त्याच क्रमानं वाचता येतो. २००४ साली त्यांना एमबीई हा ब्रिटिश किताब मिळाला.

आपल्याकडे आकाशवाणीच्या समालोचकांच्या शेजारी मुंबईचे आनंदजी डोसा असत, पुढं सुधीर वैद्य. ऐकणाऱ्यांना त्यांचा आवाज क्वचितच माहीत, पण 'या मैदानावरची ही त्यांची दुसरी शतकी भागीदारी' हे वाक्य यायचं ते त्यांच्या टाचणांतून. आता बीसीसीआय आणि राज्य संघटना स्कोअररसाठी परीक्षा घेतात, सामन्याचं मानधन मिळतं, वहीशेजारी लॅपटॉप आला आहे. मोबाइलच्या अ‍ॅपमुळे गल्लीतला सामनाही चेंडूगणिक नोंदला जातो. अ‍ॅप बेरीज चुकत नाही. अ आणि ब यांत मात्र तेही फसतं.

आकड्यांची खबर कधी सामन्यालाच वळण देते. १९४८च्या डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. तेव्हा प्रथम श्रेणी सामन्यातला ब्रॅडमनचा विक्रम ४५२चा. विक्रम हाताशी आलाय हे कळल्यावर पाहुणा संघ मैदानात उतरलाच नाही, असं सांगतात.

शालेय सामन्यांतला मोठा विक्रम कितीतरी वर्षं इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सच्या नावावर होता, १८९९ साली क्लिफ्टनमध्ये केलेल्या ६२८ धावांचा. तिथल्या स्कोअररनं म्हणे नंतर सांगितलं, ६२८, वीसेक इकडेतिकडे. तो विक्रम जानेवारी २०१६मध्ये कल्याणला मोडला. प्रणव धनावडे, ३२७ चेंडूंत नाबाद १००९, त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार. सवयीनं मी बेरीज मांडून पाहिली. चौकार-षटकारांच्या धावा ८७०, त्यांना लागलेले चेंडू १८८. उरल्या १३९ धावा, आणि उरलेले चेंडूही बरोबर १३९.